तनूची दुर्बीण

भिलाईहून परत आल्यावर सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या चौघी मैत्रिणींनी एकच प्रश्न विचारला, "तिथे बघण्यासारखं काय आहे गं?" मी तोंडाला येईल ते सांगून मोकळी झाले. रुंद रस्ते आहेत, झाडं भरपूर आहेत, पोलादाचा कारखाना आहे, पांढरे वाघ आहेत. हे सगळं खरंच आहे. पण त्या पाच दिवसांत मी तिथे काय करून आले, ते त्यांना सांगितलं नाही. सांगायची लाज वाटते म्हणून लिहिते आहे. समोर माणूस नसला की खरं बोलणं मला जरा सोपं जातं.

मी साताऱ्याची. एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं आणि निवृत्त झाले. माझी धाकटी बहीण कुंदा लग्न होऊन भिलाईला गेली, त्याला चाळीस वर्षं व्हायला आली. तिचे यजमान वामनराव नागपूरकडचे. कारखान्यात फिटर होते, आता घरी असतात. मुलगा निलेश रेल्वेत आहे, सून रश्मी घरी शिलाईकाम करते आणि तिची मुलगी तनू पाचवीत आहे. इतक्या वर्षांत मी कुंदाच्या घरी एकदाच गेले होते, तेही निलेशच्या लग्नाला, घाईघाईत. तनूला तर फक्त फोटोत पाहिलेलं.

शनिवार, रिसाली

भिलाईला लागून असलेल्या दुर्गला उतरले तेव्हा वामनराव फलाटावर हजर होते. तिथून कुंदा राहते त्या रिसालीपर्यंत रस्ता असा की साताऱ्याच्या माणसाला संकोच वाटावा. आमच्याकडे दोन रिक्षा समोरासमोर आल्या की एकीला मागे जावं लागतं. इथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गुलमोहर, आणि क्वार्टरांच्या आवारात पेरू, सीताफळ, शेवगा. सप्टेंबरचा उकाडा मात्र असा होता की पदर सारखा कपाळाकडे जात होता.

घरात शिरताच कुंदा म्हणाली, "माई, तू आंघोळ करून घे, मी पोहे करून राहिली." मला हसूच आलं. साताऱ्यात असताना ही 'करतेय' म्हणायची. मी तिला चिडवलं, तर म्हणाली, "चाळीस वर्षं झाली, आता तुझंच बोलणं मले वेगळं वाटते." पोह्यांवर तिने लालभडक तर्री ओतली. त्याबरोबर शेजारच्या छत्तीसगढी बाईंनी तीजाच्या सणाची उरलेली ठेठरी पाठवली होती. ठेठरी म्हणजे बेसनाची तळलेली जाड शेव, पीळ घातलेली. मी उत्साहाने चावली आणि माझी खालची कवळी जागची हलली. पहिल्याच दिवशी पाहुणीला दात हातात घेऊन मोरीकडे पळावं लागलं.

तनू दुपारी शाळेतून आली. डोक्याला पुढे छज्जा असलेली टोपी, नाकावर जाड चष्मा, दोन वेण्या. वाकून नमस्कार केला आणि प्रवास कसा झाला वगैरे विचारू लागली, पण माझ्या तोंडाकडे न बघता कानाच्याही पलीकडे, खिडकीकडे बघत. माझ्यातली शाळेची बाई लगेच जागी झाली. मी म्हटलं, "बाळ, मोठ्यांशी बोलताना त्यांच्याकडे बघून बोलावं."

वामनराव म्हणाले, "माई, ते तुमच्याकडंच पाहून राहिली. तिच्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग जन्मापासून कच्चा हाय. सरळ पाहिलं का तुमचं तोंडच गायब होते. मंग ती बाजूनं पाहते."

"बस थोडं साईडनं बघा लागते," तनू म्हणाली. "तुमच्या साडीले हिरवी किनार हाय. बरोबर ना?"

किनार हिरवी होती. मी जीभ चावली. वर्गात असं बाजूला बघणाऱ्या किती मुलांचे कान मी धरले असतील, हा विचार आला, आणि तो मी झटकून टाकला.

मग तिने मला आपला संसार दाखवला. पुस्तक तिरपं ठेवायला वामनरावांनी प्लायवूडचा स्टँड केला होता, म्हणजे पोरीची मान आखडत नाही. ओळीवर ठेवून सरकवायचं काचेच्या अर्ध्या लिंबाएवढं भिंग होतं. एका काळ्या पुठ्ठ्याला एक ओळ मावेल एवढी खाच पाडलेली होती, म्हणजे बाकीच्या ओळी गर्दी करत नाहीत. वह्यांच्या ओळी काळ्या पेनने जाड केलेल्या होत्या. आणि गळ्यात दोरीला अडकवलेली बोटभर लांबीची दुर्बीण, एका डोळ्याने बघायची. तिने ती डोळ्याला लावली, पुढचा भाग दोन बोटांनी फिरवला आणि समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर धडाधड वाचून दाखवलं. त्यातली बारीक अक्षरं मला माझ्या चष्म्यातूनही दिसत नव्हती.

या दुर्बिणीवर बरंच काही अवलंबून होतं. ते संध्याकाळी रश्मीने सांगितलं. मागच्या वर्षी शाळेने सांगून टाकलं होतं की ही मुलगी फळ्यावरचं उतरवून घेत नाही, हिला दुसऱ्या शहरातल्या अंधांच्या वसतिगृहात घाला. तेव्हा अशा मुलांसाठी शाळाशाळांतून फिरणाऱ्या एक साहू मॅडम मध्ये पडल्या. त्यांनी दुर्बीण मिळवून दिली, चार महिने तनूला ती वापरायला शिकवली आणि शाळेकडून मुदत मागून घेतली. ती मुदत आता संपत आली होती. बुधवारी मॅडम घरी येऊन तनूचं काम बघणार होत्या आणि मग शाळेला कळवणार होत्या. रश्मी म्हणाली, "पोरगी घरातून गेली तर मी काय करू, माई? अजून वेणी माझ्याच हातून घालते ते."

रविवार, मैत्रीबाग

मैत्रीबाग हे इथलं प्राणिसंग्रहालय. अर्धं गाव रविवारी तिथे असतं. आमच्याकडे लोक रविवारी कासच्या पठारावर गाड्या लावून एकमेकांचे फोटो काढतात. इथले लोक डबे उघडून बसतात, आणि शेजारच्या सतरंजीवरच्या अनोळखी माणसालाही पुरी देतात. मलाही एका कुटुंबाने चिंच घातलेली कांद्याची चटणी चाखायला लावली. आंबट-तिखट, झकास.

वामनराव आणि कुंदा भजी आणायला गेले, तेव्हा मी आणि तनू पांढऱ्या वाघाच्या खंदकाशी उभ्या होतो. गर्दी होती. तनूने टोपी मागे सरकवली, दुर्बीण डोळ्याला लावली आणि एकदम खुशीत म्हणाली, "आजी, त्याचं नाक गुलाबी हाय. आणि कान हलवून राहिला." हे सांगताना तिने माझा हात धरला होता.

शेजारी दोन मुलं कोपरानं एकमेकांना ढोसून हसत होती. त्यांची आई वाकून बघायला लागली आणि तिने मला विचारलं, "बच्ची को क्या हुआ है? दिखता नहीं क्या?"

वास्तविक 'कमी दिसतं, यातून बघते' एवढंच म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "अरे नहीं, कुछ नहीं हुआ. खिलौना है."

ती बाई गेली. मग मी तनूच्या कानाशी हळू आवाजात, अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, "ठेव ती आत आता. सगळे बघतात. चारचौघांत बरं नाही दिसत."

तनूने दुर्बीण फ्रॉकच्या गळ्यातून आत सोडली. त्यानंतर अस्वल आलं, मगर आली, हरणांचा कळप आला. ती प्रत्येक ठिकाणी कठड्याला धरून उभी राहिली आणि "दिसलं, दिसलं" म्हणत राहिली. काही दिसत नव्हतं तिला, मला ते कळत होतं. तरीही मला बरं वाटत होतं, कारण आता आमच्याकडे कोणी बघत नव्हतं. ही ओळ लिहिताना हात थांबतो, पण तेव्हा बरं वाटत होतं हे खरं आहे.

सोमवारी तनू शाळेतून आल्यावर मी सहज तिची वही चाळली. सवयच माझी. पाऊण पान कोरं होतं. "फळ्यावरचं का नाही उतरवलंस?" तर म्हणाली, "दुर्बीण घरी राहिली." वाघापाशचं माझं बोलणं मला आठवलं. पण मी स्वतःला समजावलं की पोर विसरली असेल, आणि कुंदाबरोबर वैशाली नगरला तिच्या मैत्रिणीकडे हळदीकुंकवाला निघून गेले.

मंगळवार, विश्वकर्मापूजा

आमच्याकडे शस्त्रं-पुस्तकं पूजेला मांडायची ती खंडेनवमीला. भिलाईत सगळ्यात मोठी हत्यारांची पूजा असते विश्वकर्म्याची. कारखान्याच्या गावात दुसरं काय असणार. सकाळपासून गल्लीत स्कूटर, ट्रक, पंक्चरवाल्याचा पंप, सगळं धुऊन हारांनी सजलं होतं. तनूच्या शाळेलाही सुट्टी होती.

वामनराव निवृत्त झाले तरी घरी मांडामांड करतात. चौरंगावर लाल कापड, त्यावर ओळीने त्यांचा मायक्रोमीटर, कानस, नट आवळायचे तीन पाने, रश्मीची शिलाईकामाची कात्री, निलेशचा टेस्टर, कुंदाचं पोळपाट-लाटणं. घरातल्या प्रत्येकाचं एक औजार तिथे असलंच पाहिजे असा त्यांचा नेम. मला म्हणाले, "माई, तुमचं औजार?" मी पर्समधला लाल पेन काढून ठेवला. सगळे हसले. मग ते म्हणाले, "तनू, तुझी दुर्बीण आण."

तनू जागची हलली नाही. "सापडत नाही, आबा."

घर उलटंपालटं झालं. दप्तर झटकलं, गाद्या उचलल्या, मोरीचं झाकण काढून पाहिलं. उद्या मॅडम येणार. रश्मीचा आवाज चढत गेला. "कुठं ठेवली होती? आठव ना. काहून बोलत नाही तू?" तनू भिंतीला पाठ लावून उभी. रश्मीने हात उगारला, तो कुंदाने मध्येच धरला. वामनराव चौरंगापुढे बसून होते. म्हणाले, "जागा रिकामी ठेवून मी पूजा करणार नाही. मिळू द्या पहिले."

मी घाम पुसायला रुमाल हवा म्हणून आतल्या खोलीत गेले आणि माझी बॅग उघडली. घडी केलेल्या साड्यांच्या खाली शाळेचा एक पांढरा मोजा होता. त्यात दुर्बीण होती, दोरी नीट गुंडाळून.

मी पलंगावर बसले. पोरीने फार साधा हिशेब केला होता. मी गुरुवारी साताऱ्याला जाणार, माझ्याबरोबर ती वस्तूही जाणार, म्हणजे चारचौघांत कोणाला दिसायची नाही. माझ्या मनासारखं करून ठेवलं होतं तिने.

त्याच क्षणी बाहेर जाऊन सांगायला हवं होतं. तिथून बाहेरच्या खोलीपर्यंत सात पावलं होती. ती टाकण्याआधीच मी ठरवलं की मी आता म्हातारी झाले, चार दिवसांची पाहुणी आहे, मेहुण्यांच्या घरात मान खाली कशी घालू. मोजा बॅगेतच ठेवला, दुर्बीण पदराखाली घेतली, सोफ्यामागे वाकल्यासारखं केलं आणि म्हणाले, "अगं, ही काय इथे पडलीय."

"माईची नजर पाहा," निलेश म्हणाला. "बाई होत्या ना शाळेत, त्यांच्यापासून काही लपत नाही." कुंदाने मला पाणी आणून दिलं. वामनरावांनी दुर्बीण घेतली, फडक्याने पुसली आणि कुंकू फक्त दोरीच्या गाठीला लावलं. "काचेले हात नाही लावायचा," असं स्वतःशीच बोलले. रश्मी मात्र तनूला बोलत राहिली, की एवढी महागाची वस्तू सोफ्यामागे टाकते, हिला काही किंमत नाही. मी पाणी प्यायले. तनूने मान जरा वळवली आणि दाराकडे नजर लावली. ती कोणाकडे बघते आहे हे मला आता कळत होतं.

प्रसादाला बुंदी आणि खिचडी होती. मला दोन घास गिळवले नाहीत, तर कुंदा म्हणाली, ऊन बाधलं असेल.

बुधवार

साहू मॅडम स्कूटीवरून आल्या. माझ्यापेक्षा पंचवीस-तीस वर्षांनी लहान, पायात साध्या चपला, पिशवीत गुंडाळलेला काळा रंग दिलेला फळ्याचा कापडी तुकडा. तो त्यांनी बाहेरच्या खोलीत समोरच्या भिंतीला टांगला आणि खडूने पाच ओळी लिहिल्या. तनूला दहा पावलं मागे स्टूलवर बसवलं. "चलो बेटा, उतारो."

तनूने दुर्बीण हातात घेतली. मांडीवरच ठेवली. डोळे बारीक करून नुसतीच फळ्याकडे बघत राहिली आणि वहीत अंदाजाने काहीतरी लिहिलं. मॅडमनी वही पाहिली. त्यांचा चेहरा उतरला. रश्मी दारात पदराचं टोक पिळत होती.

"पंधरा दिन पहले तो फटाफट करती थी," मॅडम म्हणाल्या. "क्या हुआ? किसी ने कुछ बोला क्या?"

"नहीं मैम."

"सच बताना. मैं डाँटूँगी नहीं."

"किसी ने नहीं बोला." मग जरा थांबून म्हणाली, "वो गुम गई थी, सोफे के पीछे. मेरी गलती थी. आजी ने ढूँढ के दी."

दहा वर्षांची पोर मला पाठीशी घालत होती, आणि मी आरामखुर्चीत बसून ते घालू देत होते. एकतीस वर्षं मी फळ्यावर सुविचार लिहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी उठून उभी राहिले. उभं राहूनच बोलता येईल असं वाटलं. "तिने टाकली नव्हती," मी म्हणाले. "तिने माझ्या बॅगेत लपवली होती. मी रविवारी वाघापाशी तिला म्हटलं, ही आत ठेव, बरं दिसत नाही. एका बाईला मी सांगितलं की खेळणं आहे. काल मला बॅगेत सापडली आणि मी सोफ्यामागे सापडली असं खोटं बोलले. तिच्या आईने तिला बोललेलंही मी ऐकून घेतलं."

कुंदा माझ्याकडे बघत होती, लहानपणी मी तिची पाटी फोडली होती तेव्हा पाहत होती तशी. वामनरावांनी खाली बघितलं. रश्मी दारातून निघाली आणि तनूजवळ जाऊन बसली, एवढंच.

मॅडमना मराठी अर्धंच कळलं असावं, पण तेवढं पुरलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "माताजी, चश्मा-दूरबीन खराब हो जाए तो मैं दूसरी ला दूँ. ज़्यादातर बच्चे इसलिए छोड़ते हैं कि घर में किसी ने कुछ कह दिया." मग त्यांनी तनूला विचारलं, "अब करोगी?"

तनूने माझ्या दिशेने, म्हणजे जरा बाजूला, पाहिलं आणि दुर्बिणीवर हात तसाच ठेवला.

मॅडमना समजलं. "आप थोड़ी देर अंदर बैठेंगी?" असं त्यांनी मला विचारलं. अगदी नम्रपणे.

मी आत गेले. मुलांना वर्गाबाहेर काढायची मला आयुष्यभर सवय, स्वतः निघून जायची पहिलीच वेळ. स्वयंपाकघरात ओट्याजवळच्या स्टूलवर बसले. समोर कुंदाने फरा, म्हणजे तिकडचे वाफवलेले मुटके, करायला तांदळाची उकड मळून ठेवली होती, तिच्यावर ओलं फडकं. मी ते फडकं उगाच नीट करत बसले. मग बाहेरून तनूचा आवाज आला, आधी अडखळत, मग सरळ. फळ्यावरच्या पाच ओळी ती मोठ्याने वाचत लिहीत होती, एकही शब्द न गाळता. शेवटी मॅडम म्हणाल्या, "शाबास. यही मैं स्कूल में लिख के दूँगी." रश्मी रडली, ते मला भिंतीतून ऐकू आलं. बाहेर जावं की नाही ते कळेना, म्हणून मी गेले नाही.

गुरुवार, दुर्ग स्टेशन

रात्रीच्या जेवणात आणि सकाळच्या चहात सगळे माझ्याशी नेहमीसारखे वागले. त्यांच्याकडची माणसं अशीच आहेत, पाहुण्याला वाईट वाटू देत नाहीत. कुंदाने ठेठरीचा डबा बांधून दिला आणि कवळी सांभाळून खा म्हणाली. मी तनूची माफी मागितली. ती म्हणाली, "ठीक हाय ना आजी," आणि माझी पाण्याची बाटली भरायला गेली.

स्टेशनवर वामनराव आणि तनू सोडायला आले. सूचना देणारा भोंगा नेमका बिघडलेला होता आणि आमचा डबा कुठे येणार ते वरच्या पाटीवर लाल अक्षरांत सरकत होतं. वामनरावांचा चष्मा घरी राहिला होता, माझ्या चष्म्याला ती अक्षरं पोचत नव्हती. ते म्हणाले, "तनू, पाहून सांग बरं, एस-चार कुठं हाय?"

तनूच्या गळ्यात दुर्बीण होती. तिने ती मुठीत धरली. मग हळूच म्हणाली, "कोणाले तरी विचारून घ्या ना, आबा."

वामनराव हमालाला विचारायला गेले. मी तिच्याजवळ वाकले आणि म्हटलं, "तनू, लाव ना डोळ्याला. मी काही म्हणणार नाही आता."

"मले माहीत हाय," ती म्हणाली. रागाने नाही, आपल्याकडे लहान भावंडाला समजावतात तसं. "शाळेत लावीन, मैमले प्रॉमिस केलं. इथं पण लावते. बस तुमची गाडी जाऊ द्या."

वामनराव परत आले, डबा पुढेच येणार होता. गाडी आली, सामान चढवून झालं. मी खिडकीशी बसले, ती खाली फलाटावर माझ्या खिडकीच्या बाजूला बघत उभी, मूठ तशीच मिटलेली. गाडी पंधरा मिनिटं सुटायचं नाव घेईना. एरवी निरोपाला गाडी जरा थांबली तर मला बरं वाटतं. त्या दिवशी ती लवकर सुटावी म्हणून मी मनातल्या मनात देवाला विनवत होते.